विजेच्या बिलातून घेतलेल्या पैशाचा हिशेब सभागृहात मांडा

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

विषय : वीजबिलातून वसूल होणारं विद्युत शुल्क, वीज विक्री कर आणि योजनांसाठीची वसुली यांचा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे येण्याबाबत

महोदय, महोदया,

मी आमच्या भागातल्या लोकांना विजेची बिलं वाचून देतो. बरीच वर्षं झाली या कामाला. बिल जास्त आलं, रीडिंग चुकलं, मागची रक्कम भरूनही थकबाकी दिसते, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात. परवा पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक ताई आल्या. बिल चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवलेलं, घड्यांमध्ये पीठ बसलेलं. ते झटकून मी टेबलावर पसरलं आणि एकेक ओळ सांगत गेलो. स्थिर आकार म्हणजे काय, वीज आकार म्हणजे काय, वहन आकार कशाचा, इंधन समायोजन आकार का बदलतो. मग वीज शुल्क आलं. हा राज्य सरकारचा कर, असं सांगितलं. त्याच्या खाली 'वीज विक्री कर' ही ओळ होती. ताईंनी तिच्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, सरकारचं एकदा घेऊन झालं ना? मग हे परत कशाचं?"

मी म्हटलं, हा वेगळ्या कायद्याखालचा कर आहे आणि यातला काही पैसा शेतकऱ्यांच्या सौर पंपांसाठी वापरतात.

"वापरू देत की. माझ्या भावाचीच शेती आहे. पण किती पंप बसले त्यातनं?"

मला उत्तर देता आलं नाही. ताईंनी बिलाची पुन्हा घडी घातली आणि त्या पैसे भरायला निघून गेल्या. त्यांचा प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी राहिला आहे. तो मी आता तुमच्याकडे आणतो आहे, कारण त्याचं उत्तर मागायचा अधिकार या राज्यात सर्वांत आधी तुमचा आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढतो, नाहीतर चर्चा लगेच वीजदरवाढीकडे वळते. बिलात दोन प्रकारचे पैसे असतात. एक विजेचे. ती तयार करण्याचा, आणण्याचा, घरापर्यंत पोचवण्याचा खर्च. तो १९९९ साली स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. कंपनीला प्रस्ताव जाहीर करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी होते. अशा सुनावण्यांना मी स्वतः उभा राहिलो आहे. आमच्या हरकती मान्य होतात असं नाही, पण त्या लिहून घेतल्या जातात आणि आदेशात त्यांना उत्तर द्यावं लागतं.

दुसरे पैसे सरकारचे. त्यांच्यावर कुठलीही सुनावणी नाही. विजेचा वापर आणि विक्री यांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत, ५३ व्या नोंदीत आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर घेता येत नाही, असं अनुच्छेद २६५ सांगतं. म्हणजे हा पैसा आमच्याकडून घेतला जातो तो तुम्ही हात वर केलात म्हणून. १९५८ च्या जुन्या कायद्याच्या जागी तुम्ही महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, २०१६ आणलात. त्याखाली घरगुती ग्राहकाकडून १६ टक्के आणि व्यापारी ग्राहकाकडून २१ टक्के शुल्क घेतलं जातं. त्याशिवाय १९६३ च्या कायद्याखालचा वीज विक्री कर. तो घरगुती बिलावर नसतो, दुकानं, कार्यालयं आणि कारखान्यांच्या बिलावर दर युनिटमागे काही पैसे असा लागतो. याच कराच्या वाटेनं आधी अपारंपरिक ऊर्जेसाठी आणि नंतर सौर कृषिपंपांसाठी पैसा उभा केला गेला.

आता टक्केवारीचं गणित बघा. घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन मिळून १,००० रुपये झाले, तर शुल्क १६० रुपये. पुढच्या महिन्यात कोळसा महागला म्हणून इंधन समायोजन ५० रुपयांनी वाढलं, तर शुल्कही ८ रुपयांनी वाढतं. हे ८ रुपये वाढवायचं कुणीही ठरवलेलं नाही. मंत्रिमंडळानं नाही, आयोगानं नाही, तुम्ही तर नाहीच. एका घरामागे ८ रुपये ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण राज्यातली घरं मोजा. कर वाढवण्याचा ठराव सभागृहात येऊन तो फेटाळला गेला असता, तरी ही वाढ थांबली नसती.

शिवाय विजेच्या बिलावरचा कर इतर करांसारखा नाही. प्राप्तिकराबद्दल वाद असेल तर नोटीस येते, अपील करता येतं, वर्षानुवर्षं भांडता येतं. विजेच्या बिलातली एखादी ओळ वगळून उरलेले पैसे भरण्याची सोय नाही. थकबाकी दिसली की विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ खाली १५ दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर वायरमन येऊन जोडणी तोडतो. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घरातला पुरवठा तुटलेला मी पाहिला आहे. तो कर आहे की विजेची किंमत, याचा त्या घरातल्या अंधाराला काही फरक पडत नव्हता. ज्या पैशाच्या वसुलीमागे इतकी मोठी सक्ती उभी आहे, त्याचा हिशेब इतर कुठल्याही करापेक्षा जास्त काटेकोर असायला हवा. प्रत्यक्षात तोच सर्वांत अंधूक आहे.

अंधूक का म्हणतो तेही सांगतो. अर्थसंकल्पात '००४३ विजेवरील कर व शुल्क' या लेखाशीर्षाखाली जमेचा आकडा असतो. खर्चाच्या बाजूला ऊर्जा विभागाच्या मागण्या असतात. या दोन्हींच्या मधला दुवा सामान्य माणसाला सापडत नाही. त्यात सवलतीच्या विजेपोटी शासनानं वीज कंपनीला द्यायचं अनुदान आणि कंपनीनं ग्राहकांकडून गोळा करून शासनाला द्यायचं शुल्क यांची अनेकदा पुस्तकी समायोजनानं, म्हणजे रोख न देता-घेता फक्त हिशेबाच्या वह्यांत, एकमेकांत वजावट होते. हिशेबाच्या दृष्टीनं ते नियमात बसत असेल. पण मग गिरणीवाल्या ताईंचे पैसे तिजोरीत आले कधी, पंपासाठी बाहेर पडले कधी, की ते वाटेतच दुसऱ्या कुठल्या देण्यात वळते झाले, हे कळायचा मार्ग उरत नाही. शिवाय अधिसूचना काढून काही उद्योगांना, काही भागांना शुल्कमाफी दिली जाते. मागास भागात कारखाने यावेत म्हणून ती द्यावीही. पण न घेतलेला कर हासुद्धा खर्चच आहे, आणि तो कुणासाठी किती झाला, हे जमेच्या आकड्याशेजारी छापलेलं मला कधी दिसलं नाही.

मी माहिती अधिकारात अर्ज केला होता. एका कार्यालयानं तो कलम ६(३) खाली दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसऱ्याचं पत्र आलं, त्यात एकूण जमा रक्कम होती. खर्चाबद्दल 'संबंधित विभागाशी संपर्क साधावा' एवढंच. त्या कारकुनांवर माझा राग नाही. त्यांच्याकडे असा हिशेब तयारच नसेल तर ते देणार तरी काय? तयार नसतो, कारण तो दरवर्षी मागणारं कुणी नाही.

असा हिशेब मागितला नाही की काय होतं, हे देशपातळीवर आपण पाहिलं आहे. २०१० च्या वित्त कायद्यानं केंद्रानं कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला. हेतू उत्तम होता, कोळशाच्या पैशातून स्वच्छ ऊर्जा उभी करायची. त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी काढला. पुढे उपकर १०० झाला, २०० झाला, २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. आपली बरीचशी वीज कोळशावरची, म्हणून तो शेवटी आमच्या बिलातच उतरत होता, फक्त त्याची वेगळी ओळ नव्हती. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांतले निधीत वर्ग झाले सुमारे २९,६५० कोटी, आणि प्रकल्पांना प्रत्यक्षात मिळाले सुमारे १५,९०० कोटी. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा टनामागचे तेच ४०० रुपये राज्यांच्या नुकसानभरपाईसाठी वळवले गेले. लोक मात्र पूर्वीसारखेच भरत राहिले. संसदेत प्रश्न विचारले गेले म्हणून हे आकडे तरी आपल्याला माहीत आहेत. आपल्या राज्यातल्या वीज विक्री कराबद्दल असे तीन आकडे एका ओळीत, एकापुढे एक, कुणी मांडून दाखवील का?

मुंबईचं उदाहरण आणखी जवळचं आहे. बेस्टच्या बसगाड्यांची तूट बेस्टच्याच वीजग्राहकांकडून भरून काढण्याची पद्धत अनेक वर्षं होती. बिलात त्यासाठी वेगळा आकार लागायचा. बस चालायलाच हवी, आणि तिचं तिकीट गरिबाला परवडेल असंच हवं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण बेस्टची वीज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. म्हणजे लालबागच्या चाळीत दोन दिवे आणि एक पंखा लावणाऱ्या माणसानं बसची तूट भरायची. त्याच बसनं रोज प्रवास करणाऱ्या अंधेरीच्या माणसाची वीज दुसऱ्या कंपनीची, म्हणून त्याच्या बिलात त्यासाठी एक पैसाही नाही. बस सगळ्या शहराची आणि तूट अर्ध्या शहराची. त्यावर आयोगापुढे वाद झाले, न्यायालयात झाले. सार्वजनिक वाहतुकीचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न लोकप्रतिनिधींच्या सभागृहात सुटायला हवा होता. तो विजेच्या बिलात ढकलला गेला आणि तिथेच वर्षानुवर्षं पडून राहिला.

तुम्ही म्हणाल, राज्य चालवायचं तर पैसा कुठून तरी आणावाच लागतो. मान्य. माझी मागणी कर रद्द करा अशी नाहीच. कोरडवाहू शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री-अपरात्री मोटार चालू करायला त्याला शेतात जावं लागू नये, साप-विंचवाच्या भीतीतून त्याची सुटका व्हावी, यासाठी पैसे द्यायला आमच्याकडचे बहुतेक लोक तयार आहेत. गिरणीवाल्या ताई तयार होत्याच. माझी मागणी एवढीच की, ज्या कामासाठी घेतले त्या कामाला लागले का, हे दरवर्षी सभागृहात सांगितलं जावं.

आणि हे करायला परदेशातलं काही शोधून आणायची गरज नाही. याच विधिमंडळानं ते पूर्वी करून दाखवलेलं आहे.

१९७० च्या दशकात राज्य दुष्काळानं होरपळलं होतं. रोजगार हमी योजना कायमची करायची होती आणि पैसा नव्हता. या योजनेमागचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरात पगार घेणाऱ्यानं खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पैसे द्यायचे, असं उघडपणे सांगून तो कर घेतला गेला. आजही पगाराच्या पावतीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते त्याच कायद्याखाली. पण तुमच्या आधीच्या सदस्यांनी नुसता कर बसवून विषय सोडून दिला नाही. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात त्या पैशासाठी वेगळा निधी ठेवला. लोकांकडून जितका पैसा येईल तितकाच सरकारनंही आपल्या बाजूनं घालायचा, असं बंधन घातलं. आणि दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची रोजगार हमी योजना समिती नेमली.

ही समिती जिल्ह्यात येते तेव्हा काय होतं, हे ग्रामीण भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. हजेरीपटावरच्या नोंदी आधीच्या रात्री जुळवल्या जातात, पाझर तलावाच्या भरावावर आमदार स्वतः चढतात, साहेबांना बोलावून समोर उभं करतात आणि मजुरांना थेट विचारतात, पैसे मिळाले का? त्या योजनेतही पुढे गडबडी झाल्या. निधी पडून राहतो, दुसरीकडे वापरला जातो, अशी टीका झाली. पण ती टीका करता आली, कारण निधीला नाव होतं, खातं होतं आणि विचारणारी समिती होती. सौर पंपाच्या पैशाबद्दल तशी टीकासुद्धा आज कुणाला करता येत नाही.

त्याच धर्तीवर वीजबिलातून होणाऱ्या वसुलीसाठी दोन्ही सभागृहांची एक समिती हवी. तिनं दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी एक विवरण मागवावं. विद्युत शुल्क किती जमा झालं, वीज विक्री कर किती, त्यातली रोख किती आणि पुस्तकी समायोजनानं किती, माफी कुणाला किती दिली, कुठल्या योजनेसाठी म्हणून किती घेतलं, त्या योजनेवर किती खर्च झालं आणि किती शिल्लक आहे. जिल्हानिहाय असेल तर उत्तम, म्हणजे आपापल्या जिल्ह्यात बसलेले पंप आमदारांना स्वतः जाऊन बघता येतील. समितीचा अहवाल पटलावर ठेवला गेला की त्यावर चर्चा व्हावी, निदान अर्धा दिवस तरी.

दुसरं म्हणजे मुदत. एखाद्या योजनेसाठी युनिटमागे पैसे वाढवायचे असतील तर किती वर्षांसाठी, ते कायद्यातच लिहिलेलं असावं. ती मुदत संपली की वसुली आपोआप थांबावी, आणि पुढे चालू ठेवायची असेल तर सरकारनं पुन्हा तुमच्याकडे यावं. आज उलटं आहे. वसुली सुरू व्हायला एक निर्णय लागतो आणि थांबायला काहीच कारण लागत नाही. योजनेचं नाव बदलतं, मंत्री बदलतात, बिलातली ओळ तशीच राहते.

यावर एक आक्षेप येतो, तोही प्रामाणिक असतो. वीजदरात राजकारण्यांचा हात नको म्हणून तर आयोग नेमला, मग आता पुन्हा आमदारांना त्यात कशाला आणता? मला आयोगाची स्वायत्तता हवी आहे. निवडणुकीच्या तोंडावर दर ठरवले जाण्याचे दिवस परत येऊ नयेत असंच मला वाटतं. पण कर म्हणजे दर नव्हे. दर आयोगाचा, कर तुमचा. स्वतः बसवलेल्या कराचा हिशेब घेणं म्हणजे आयोगाच्या कामात ढवळाढवळ होत नाही. उलट खुद्द आयोगाचा वार्षिक अहवालही विद्युत अधिनियमाच्या कलम १०५ नुसार विधिमंडळापुढे ठेवावा लागतो आणि आयोगाचे विनियम कलम १८२ नुसार. ते पटलावर ठेवले जातात, पण त्यांच्यावर सभागृहात बोललं जातं का? आयोगानं कुठल्या वर्गावर किती क्रॉस सबसिडी, म्हणजे दुसऱ्या वर्गाला वीज स्वस्त देण्यासाठीचा भार, लादली आहे, हे सदस्यांनी वाचावं आणि विचारावं, इतकं तर कायद्यालाच अपेक्षित आहे.

२०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांना मोफत वीज जाहीर झाली. सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटी रुपये. हा आकडा शाळेतल्या मुलालाही पाठ झाला, कारण तो अर्थसंकल्पाच्या वाटेनं आला, तुम्ही त्यावर तावातावानं बोललात, वर्तमानपत्रांनी छापला. कुणाला तो पटला, कुणाला नाही, पण सगळ्यांना दिसला. तेच शेतकरी, तीच शेती, त्याच विहिरीवरचा पंप, पण पैसा बिलातल्या ओळीतून आला की त्याच्यावर कुणी बोलत नाही.

समिती नेमायला वेळ लागेल, कायद्यात दुरुस्ती करायला त्याहून जास्त. पण एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, येत्या अधिवेशनातच विचारता येईल. आपल्यापैकी कुठल्याही पक्षाच्या, कुठल्याही मतदारसंघाच्या सदस्यानं तो आपल्या नावानं द्यावा. मसुदा तुमच्याच पद्धतीनं लिहून खाली देतो आहे. उत्तर आलं की मला कळवायची गरज नाही, सभागृहाच्या कामकाजात छापलं जाईलच. मी त्याची प्रत काढून गिरणीत नेऊन देईन.

सन्माननीय ऊर्जा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-

(१) औद्योगिक व वाणिज्यिक वीजग्राहकांकडून वसूल करण्यात येणाऱ्या वीज विक्री करातील काही रक्कम सौर कृषिपंप योजनांसाठी वापरण्यात येते, हे खरे आहे काय ;

(२) असल्यास, मागील पाच वर्षांत या प्रयोजनासाठी वर्षनिहाय किती रक्कम जमा झाली, त्यापैकी किती रक्कम रोखीने व किती पुस्तकी समायोजनाद्वारे प्राप्त झाली ;

(३) त्यापैकी प्रत्यक्षात किती रक्कम खर्च झाली, त्यातून जिल्हानिहाय किती पंप बसविण्यात आले व त्यापैकी किती आज चालू स्थितीत आहेत ;

(४) उर्वरित रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली शिल्लक आहे ;

(५) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत ?

आपला,
महाराष्ट्रातला एक वीजग्राहक